जास्तीची हवा

“ओढ. सोडू नको, ओढ,” कासम मिस्त्री म्हणाले आणि आबांनी बांबूच्या आकडीने इंजिनपेटीतून आईची गोधडी बाहेर काढली. तिचा एक कोपरा धुमसत होता. ज्वाळा नव्हती, नुसती लाल कड कापडातून पुढे सरकत होती. आबांनी ती तशीच खाडीत बुचकळली, वर काढली, पुन्हा बुचकळली. निळ्या जुनेराच्या पट्ट्यांतून काळं पाणी गळायला लागलं.

मी धक्क्यावर उभा होतो. खांद्यावर पुण्याहून आणलेली जाड गुंडाळी, हातात पिशवी. एसटीतून उतरून मला दहा मिनिटंही झाली नव्हती.

“आला तुझा पेपरवाला,” कासमचाचा आबांना म्हणाले. “घे सदू, छाप आता. जगन्नाथ तांडेलाने इंजिनाला पांघरूण घातलं, इंजिनाला ताप आला.”

“तूच म्हणालास, कापड आवाज खातं,” आबा म्हणाले.

“मी कापड म्हणालो. वहिनीची गोधडी नाय म्हणालो.”

मी लाँचवर उतरलो आणि पेटीत वाकून बघितलं. गोधडी जिथे होती तिच्याखाली नारळाचा काथ्या, त्याच्या मागे मासळीच्या खोक्यांचा थर्माकोल, आणि फटींतून जुनं जाळं कोंबलेलं. हवा यायच्या दोन्ही खिडक्या फळ्या मारून बंद केल्या होत्या. गोधडी धुराच्या नळीला टेकली होती. थर्माकोलपर्यंत आग पोचली नव्हती, एवढंच.

“असं किती वेळ चालवलंत?”

“वीस मिनिटं,” आबा म्हणाले. “आवाज कमी झाला होता पण.”

“धूर काळा येत होता?”

“काळा.”

“म्हणजे इंजिन गुदमरत होतं, आबा.”

ते गोधडी पिळत राहिले.

मी खिशातली डायरी काढून लिहिलं: बुधवार, ४ नोव्हेंबर १९९८, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आकडा नसलेली गोष्ट मला खरी वाटत नसे.

आबांची ‘जाकादेवी’ ही लाँच पाजवाडी ते सोनखार अशी खाडीवर सव्वीस वर्षं माणसं नेत होती. त्या मे महिन्यात सोनखारला पूल झाला. नोव्हेंबरपर्यंत शेवटच्या फेरीला चार-पाच माणसं उरली, तीही पुलावर एसटी थांबत नाही म्हणून. लाँच विकायची, नाहीतर तिला दुसरं काम शोधायचं, असं झालं होतं. सप्टेंबरात एका पर्यटन कंपनीच्या घारपुरे मॅडम येऊन गेल्या. त्यांना पाहुण्यांना कांदळवन आणि पक्षी दाखवायचे होते. लाँच त्यांना आवडली, आबा आवडले, इंजिन आवडलं नाही. रविवारी त्या पुन्हा येणार होत्या. पुढच्या बाकावर बसून साध्या आवाजात बोललेलं मागे ऐकू आलं, तर काम आबांचं. नाहीतर वरच्या गावातला एकजण फायबरची नवी बोट घेऊन तयारच होता.

जाकादेवीच्या इंजिनाचा आवाज दोन मैल जायचा. आमच्या गावची माणसं जमिनीवरही मोठ्याने बोलतात, ती या लाँचमध्ये लागलेल्या सवयीमुळे.

आबांना दुसरं काही काम येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. सप्टेंबरातल्या पत्रात त्यांनी मला एकच ओळ लिहिली होती. “आवाज कमी कसा करतात ते विचारून ये.” आबांनी मला काही करायला सांगितलं, असं तोवर कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही पेटी रिकामी केली, खिडक्यांच्या फळ्या उपटल्या आणि साडेपाचची शेवटची फेरी तशीच उघड्या आवाजात केली.

आमच्या घरातून खाडी दिसत नाही. घर टेकाडाच्या पलीकडे, मधे माड आणि करवंदीचं रान. खाडी फक्त ऐकू येते.

“गोधडी मिळाली?” आईने विचारलं. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

“कुठली?”

“पेपरात पण असंच विचारतोस काय रे? माझी. निळी. सकाळपासून नाय, आणि दुपारी खाडीवरनं जळका वास आला.”

“थोडी भिजली आहे.”

“थोडी जळली आहे म्हण.”

आबांनी गोधडी अंगणातल्या दोरीवर टाकली, जळका कोपरा आतल्या बाजूला करून. आईने तो कोपरा बाहेर ओढला, बोटांनी चाचपला.

“इंजिनाला थंडी वाजत होती?”

“गप्प करायचं होतं त्याला,” आबा म्हणाले.

“मग मला विचारायचं. तुम्हाला गप्प करायला मला कधी गोधडी लागली नाय.”

आबा पाय धुऊन पाटावर बसले. आईने भाताचं झाकण काढलं. वाफ वर गेली. आमच्या घरी रात्रीचा भात गार झालेला मला आठवत नाही, आणि भातासाठी कुणी थांबलेलंही आठवत नाही. आबा बसायचे आणि भात उतरलेला असायचा. लहानपणापासून असंच होतं, म्हणून मला त्यात काही नोंदवण्यासारखं वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी काम सुरू केलं. त्याआधी पुण्यात तीन आठवडे मी त्याच्याच मागे होतो. मुंबईच्या एका निवृत्त जहाज-अभियंत्याला पत्र लिहिलं, त्यांनी दोन्ही बाजूंनी भरलेले दोन ताव पाठवले. जनरेटरची केबिन बनवणाऱ्या भोसरीतल्या एका कारखान्यात जाऊन बसलो. एका कॉलेजातल्या मास्तरांकडून आवाज मोजायचं यंत्र चार दिवसांसाठी मागून आणलं.

“एवढं यंत्र लागतं?” आबा म्हणाले. “कान आहेत की.”

“कान आकडा सांगत नाहीत.”

“आकडा ऐकू येत नाय,” आबा म्हणाले आणि इंजिन चालू केलं. मागच्या बाकावर चौऱ्याण्णव, पुढच्या बाकावर एकोणनव्वद. मी लिहून घेतलं.

आधी तळातलं तेलकट पाणी उपसलं आणि तळ सोड्याने धुतला. मग कासमचाचांनी इंजिन थोडं उचलून त्याच्याखालचे रबराचे चार ठोकळे काढून दाखवले. दगडासारखे झाले होते.

“अर्धा आवाज इथे आहे. इंजिन नाय ओरडत, लाकूड ओरडतं. इंजिन त्याला चिमटे काढतं.”

नवे ठोकळे बसवून इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणायला त्यांना गुरुवार पुरला. तेवढ्यानेच पाच अंक उतरले. कासमचाचांनी माझ्या गुंडाळीकडे बघितलं. “हे न लावताच परत नेलंस तरी चालेल.”

“पाच पुरत नाहीत, चाचा.”

शुक्रवारी सकाळी त्यांनी गुंडाळीचा एक तुकडा कापला, पकडीत धरला आणि धक्क्यावरच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर नेला. फोम काळा पडला, धुमसला, आणि ज्योतीतून बाहेर काढल्यावर विझला. मग त्यांनी आबांच्या थर्माकोलचा तुकडा धरला. तो पेटला आणि त्याचे जळते थेंब खाली पडायला लागले.

“बघ जगन्नाथ,” ते म्हणाले, “हा रडत रडत सगळ्यांना घेऊन जातो.”

आबांनी उरलेला थर्माकोल स्वतःच्या हातांनी धक्क्याच्या टोकाला नेऊन ठेवला.

गुंडाळीत फोमचे दोन थर होते, मधे जड रबर, वरून चांदीसारखा पत्रा, म्हणजे तेल आत मुरणार नाही. मुंबईच्या साहेबांनी लिहिलं होतं की नुसत्या गोंदावर विसंबू नका. गोंद उष्णतेने सुटतो आणि चादर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर पडते. म्हणून दर वीतभर अंतरावर रुंद चकतीचा स्क्रू मारला. कापलेल्या कडा पट्टीने बंद केल्या. धुराच्या नळीला काचेच्या कापडाची पट्टी गुंडाळली आणि तिच्या आसपास फोम येऊ दिला नाही. तेलाची कांडी, डिझेलचा चाळणीचा डबा, समुद्राच्या पाण्याची तोटी, या तिन्हीपर्यंत हात जाईल अशी जागा सोडली.

हवेवरून आबांशी वाद झाला.

“फट ठेवली की आवाज येणारच,” ते म्हणाले. “पाणी कुठनं येतं मग लाँचमध्ये? फटीतनंच.”

“इंजिन दोन गोष्टी खातं,” कासमचाचा म्हणाले. “डिझेल आणि हवा. एक बंद केलीस की दुसरी काळी होऊन बाहेर पडते. बुधवारी बघितलंस ना?”

आम्ही हवेसाठी लाकडाची अरुंद पेटी केली, आतून फोम लावलेली, दोनदा वळलेली. हवा वळून आत जाते; आवाज वळणावर फोमला आपटून मरतो. झाकणात एक मुठीएवढं भोक पाडून त्याला बूच बसवलं. आत आग लागली तर झाकण उघडायचं नाही, उघडलं तर आगीला हवा मिळते. बूच काढून तिथूनच आग विझवायच्या नळकांड्याचं तोंड आत घालायचं. पाण्याची उष्णता दाखवणारा काटा पेटीच्या बाहेर, सुकाणूच्या समोर आणून लावला. शेवटी मी लाल रंगाने झाकणावर लिहिलं: इंजिन चालू असताना झाकण उघडू नये.

“हे कुणासाठी?” आबांनी विचारलं. “लाँचवर मी एकटाच असतो.”

“तुमच्यासाठीच.”

शनिवारी दुपारी मोजलं. मागे सत्याहत्तर, पुढे बहात्तर. मी तीनदा मोजलं. साडेपाचच्या फेरीला सोनखारहून निघालो तेव्हा बाकावरच्या दोन बायका नेहमीच्या सवयीने ओरडून बोलत होत्या. मधेच त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्या लाजून गप्प झाल्या. घोडखडपाचं खडकाळ टोक वळताना लाँचच्या पुढच्या नाळेखाली पाणी कापल्याचा आवाज येत होता. सव्वीस वर्षांत त्या लाँचवर तो कुणी ऐकला नसेल. मी आबांकडे बघितलं. ते टेकाडाकडे बघत होते.

घरी पोचलो तर दार लोटलेलं, आत कुणी नाही. आई कुंपणाच्या बेड्याजवळून, त्या बांबूच्या फाटकापासून, येत होती, हातात कंदील.

“आलात? कळलंच नाय.” ती भरभर आत गेली. “तीनदा बेड्यापर्यंत जाऊन आले.”

चुलीवर आधण नव्हतं. आबा पाय धुऊन पाटावर बसले आणि समोर रिकामं ताट घेऊन भाताची वाट बघत राहिले. 

“आई, चौऱ्याण्णववरून सत्याहत्तर,” मी म्हणालो.

“बरं.”

“म्हणजे खूप कमी झाला.”

“कमी कुठला रे. नाहीच.” तिने तांदूळ धुतले. “बरं वाटत असेल इंजिनाला.”

मी हसलो. आबा हसले नाहीत.

रविवारी चार वाजता घारपुरे मॅडम आल्या. चाळिशीच्या, उन्हाची टोपी, गळ्यात दुर्बीण, बोलायला मोजक्या. गाडी पाजवाडीला ठेवून त्या लाँचवर चढल्या. मी आणि कासमचाचा मधल्या बाकावर, आबा मागे सुकाणूवर. त्यांनी खाडीत तासभर हिंडायला सांगितलं. कांदळवनाच्या कडेने जाताना एक खंड्या आमच्यापासून दहा हातांवर बसून होता आणि उडाला नाही.

मॅडम पुढे बघतच म्हणाल्या, “तांडेल, मागे ऐकू येतंय का?”

“येतंय,” आबा म्हणाले.

“जेवायला कुठली मासळी होती आज?”

“पेडवे.”

“तळलेले?”

“तिखल्यातले. तळलेले शनिवारी खातो,” आबा म्हणाले, आणि कासमचाचांनी मला कोपराने ढोसलं. काम झालं होतं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

परत फिरलो. सोनखारला टेकून शेवटची फेरीही करून घेतली. चढायला कुणी नव्हतं. उन्हं उतरली होती. घोडखडपाच्या टोकाला लाँच वळली तेव्हा आबांनी सुकाणू गुडघ्याने धरलं, वाकले, आणि दोन्ही हातांनी इंजिनपेटीचं झाकण उचललं.

आदल्या दिवसापासून कोंडलेला आवाज एकदम बाहेर पडला. कांदळवनातले बगळे थव्याने उठले. मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“आबा, झाकण!” मी ओरडलो.

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. पट्टा त्यांच्या मनगटापासून हातभरावर फिरत होता. मी उठून मागे पोचेपर्यंत त्यांनी झाकण परत टेकवलं होतं. माझ्या घड्याळात पाच एकावन्न झाले होते. साधारण एक मिनिट.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“पाणी बघितलं इंजिनचं,” आबा म्हणाले. “तापलंय का ते.”

“ते बघायला उघडावं लागतं?”

आबांनी सुकाणू सरळ केलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगितलं.

“नाही. काटा बाहेर आहे.”

कासमचाचांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी वही पुन्हा उघडली. धक्क्यावर उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, “पाहुणे असताना असं झालं तर मला परवडणार नाही. उद्या दहा वाजता इथल्या एसटीडीवर फोन करते.”

गाडी गेली. आबा लाँच बांधत होते. नेहमीसारखे दोन दोर, मग ताडपत्री, मग तळातलं पाणी. मी मदत केली नाही.

“एका मिनिटासाठी,” मी म्हणालो. “तीन दिवस आपण तिघं राबलो, आणि तुम्ही एका मिनिटासाठी सगळं घालवलंत. आणि हात गेला असता तो वेगळाच.”

“चल,” आबा म्हणाले. “भात झाला असेल.”

भात झाला होता. आम्ही पाटावर बसलो आणि आईने झाकण काढलं. वाफ तिच्या तोंडावर आली, तिने मान बाजूला केली.

“आज बरोबर ऐकू आलं,” ती म्हणाली. “काल कुठे गेला होता आवाज कोण जाणे. मला वाटलं, बंद पडली वाटेत.”

आबांनी भातात खड्डा केला, तिखलं ओतून घेतलं आणि जेवायला लागले.

माझा घास हातातच होता. मी मनात मांडलं. टोकापासून धक्क्याला आठ मिनिटं. बांधाबांध सात. चढण पाच. वीस. वीस मिनिटांत भात होतो. आवाज मी मागच्या बाकावर मोजला होता, पुढच्या बाकावर मोजला होता, झाकण लावून, झाकण काढून, तीन-तीनदा. घराच्या ओटीवर मोजायचं मला सुचलं नव्हतं. 

जेवण झाल्यावर आबा पायरीवर पान लावत बसले होते. मी शेजारी बसलो.

“आबा, लाँचवर भोंगा आहे की.”

ते चुना बोटाने पानावर फिरवत राहिले.

“भोंगा कुणीही वाजवतो,” ते म्हणाले.

पुण्यात मी कामावरून खोलीवर पोचायचो. जिना चढायचो, कुलूप काढायचो. कुणाला ऐकू जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला पहिल्यांदाच ते नोंदवावंसं वाटलं, पण डायरी आत होती.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. मी घेतला. मॅडम म्हणाल्या, काम तुमचं, पण इंजिन चालू असताना झाकण उघडणार नाही असं लेखी पाहिजे, पाहुणे असोत वा नसोत. पाहुणे सोनखारलाच चढतील, सोनखारलाच उतरतील. आणखी एक म्हणाल्या. “काटा बाहेर आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून हो म्हणते आहे. तांडेलांना वाईट वाटलं असेल.”

मी धक्क्यावर बसूनच कागद लिहिला. आबांनी वाचला आणि सही केली. जगन्नाथ धोंडू तांडेल, एकेक अक्षर सुटं. लाँच राहिली होती. ते उठले आणि ताडपत्री काढायला गेले. चालताना टेकाडाकडे बघितलं नाही.

“चाचा,” मी कासमचाचांना म्हणालो, “तुम्हाला माहीत होतं?”

“खाडीला माहीत आहे. माझी बायको होती तोवर पंधरा ट्रॉलरांतून आमचा ट्रॉलर ओळखायची. नळीला भोक पडलं की बंदराला लागायच्या आधी तिला कळायचं.” त्यांनी पकड फडक्याने पुसली. “तुला कोण सांगणार? तू लिहून घेतोस.”

“करवत आहे तुमच्याकडे?”

“कशाला?”

मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “जाळी लावायला हवी. आणि स्प्रिंग. सोडली की आपोआप मिटली पाहिजे, नाहीतर आगीला हवा मिळेल. तूच लिहिलंयस ते.”

हवेच्या पेटीच्या शेजारी, उजव्या बाजूच्या फळीत, आम्ही वहीएवढं चौकोनी भोक पाडलं. आतून बारीक लोखंडी जाळी, म्हणजे हात पट्ट्यापर्यंत जाणार नाही. बाहेरून फोम लावलेली झडप, वर बिजागरी, मागे स्प्रिंग. झडपेला नायलॉनची दोरी बांधली आणि कडेकडेने सुकाणूच्या खुंटीपर्यंत नेली. सोनखारहून घरी येताना टेकाड उजव्या हाताला असतं.

आबा वरून बघत होते.

“हे कशाला?”

“हवा,” मी म्हणालो.

“हवा पुरते की. तूच मोजलीस.”

“उन्हाळ्यात कमी पडेल. जास्तीची असू दे.”

त्यांनी इंजिन चालू केलं. दोरी ओढली. आवाज सरळ बाहेर आला, जुना, होता तसा. दोरी सोडली. झडप मिटली आणि आवाज आत गेला. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा सोडली.

“झाकण बंदच आहे,” कासमचाचा म्हणाले. “कागदावर लिहिलंय तसं.”

“स्प्रिंग घट्ट आहे,” आबा म्हणाले. त्यानंतर त्यांनी दोरीला टोकाशी एक गाठ मारली, हाताला लागेल अशी.

माझी एसटी दोनला होती. संध्याकाळपर्यंत थांबता आलं नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मी घरी गेलो ते गणपतीला आणि मे महिन्यात, चार-चार दिवस. संध्याकाळी मी लाँचवरच असायचो. घोडखडपाला आबा दोरी ओढायचे, मिनिटभर धरायचे, सोडायचे. आम्ही कधी त्यावर बोललो नाही. घरी गेलो की भात उतरलेला असायचा. दोरी तीनदा बदलली, झडप एकदा. कासमचाचा गेले. मी बदली होऊन नागपूरला गेलो, मग परत पुण्याला आलो. डायरी लिहायची सवय सुटली नाही.

आई २००९ च्या फेब्रुवारीत गेली, तीन दिवसांच्या तापाने. तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आबा कामाला निघाले. पाहुणे आधीपासून ठरलेले होते. मी त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेलो. झडपेच्या फटीतून आत पाणी उडत होतं, जाळीला गंज चढला होता.

“आबा, ही झडप आता पक्की बंद करून टाकू का? पावसाळ्यात पाणी जाईल.”

ते दोर सोडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “हवा लागते.”

मी घरी परत आलो. तेराव्याला आलेली माणसं परत गेली होती. दुपारभर कागदपत्रं आवरली, दोरीवरचे कपडे काढले. निळी गोधडी कपड्यांच्या पेटीत होती. जळक्या कोपऱ्याला आईने लाल ठिगळ लावलं होतं. मग करायला काही उरलं नाही म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्या वेळेला तिथे मी कधीच बसलो नव्हतो. माडांचा आवाज येत होता, मधूनच एखादा कावळा. बाकी काही नाही.

पाच त्रेपन्नला टेकाडापलीकडून जाकादेवी आली. एकदम आली, सगळी, जणू अंगणात. मी घड्याळाकडे बघत होतो. मिनिट झालं तरी आवाज थांबला नाही. दोन झाली. मग तो गेला.

मी उठलो, गॅस पेटवला, आधण ठेवलं. तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं. आत आईची पितळी वाटी होती. दोन माणसांना किती वाट्या घ्यायच्या ते मला माहीत नव्हतं.